चांदी गेली कुठे?

वहिनींनी चांदीची पट्टी तिसऱ्यांदा काट्यावर ठेवली. काटा तेच सांगत होता. टाकीत लटकून पट्टी जितकी झिजली होती, तितकी चांदी चमच्यांवर चढलेली नव्हती. चोरीच ही, दुसरं काय!

सासरे अंथरुणाला खिळले आणि मुलाम्याचा हा कारखाना वहिनींच्या गळ्यात पडला. टाकीला हात फक्त जुन्या कारागिराचा, काकांचा. तीस वर्षं हाच माणूस चमच्यांवर चांदीचं पाणी चढवत होता, आणि सासऱ्यांचा त्याच्यावर डोळे झाकून भरवसा. वहिनी मात्र महिनाभर डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. काकांनी खिशातून नुसता रुमाल काढला तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकायची.

आज त्यांनी बाकीच्या चारही कारागिरांसमोर विचारलं, "काका, चांदी जाते कुठे?"

काकांनी शांतपणे हातमोजे काढले. वीज लावली की पट्टीवरचा चांदीचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन गमावतो, मग त्याला आयन म्हणायचं, असं ते सांगू लागले. आयन झाला की तो पाण्यात उतरतो आणि दिसेनासा होतो. चमच्यापाशी इलेक्ट्रॉन परत मिळाला की पुन्हा चांदी होऊन तिथेच बसतो. पण काही आयन वाटेतच राहतात आणि चमच्यांना चिकटलेल्या पाण्याबरोबर धुण्याच्या बादलीत जातात.

न दिसणारी चांदी! चोराला याहून सोयीचं काय हवं, असं वहिनींना वाटलं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

काकांनी तांब्याची तार घासून बादलीत सोडली. थोड्या वेळाने काढली तर लाल तार पांढरी पडली होती. तांब्याने इलेक्ट्रॉन दिले, चांदीने घेतले आणि ती तारेवर येऊन बसली.

त्या बादलीतलं पाणी सासरे पिंपात साठवून ठेवायला लावत. घाण नको म्हणून रोज संध्याकाळी गटारात ओतायचा हुकूम वहिनींचाच होता. काका तेव्हा नको म्हणाले होते, पण ऐकतो कोण!

वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. उद्यापासून पाणी साठवू, तुम्ही आता घरी जा, असं त्या कसंबसं म्हणाल्या.

काका दारापर्यंत जाऊन वळले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"पाण्याची झडती झाली, वहिनी. आता माझी घ्या. नाहीतर उद्या इथे यायला मला तोंड नाही."

चौघांचे हात थांबले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वहिनींना झालं. तरी त्या उठल्या. काकांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांनी हात घातला. खिसा रिकामा होता.

काकांनी दुसरा खिसा पुढे केला.