भाजीचं पाणी

"आणि ते पाणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ओतून देतो की. हिरवंगार निघतं. मग दुसरं पाणी घालून परत उकळतो." मामांच्या आवाजात अभिमान होता. "एक जंतू जिवंत राहत नाही, बाई."

"जंतूच कशाला, भाजीसुद्धा राहत नाही," शेजारी बसलेली त्यांची लेक पुटपुटली.

मामा त्याच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होते. चादरी, गाउन, टॉवेल उकळण्यात त्यांची हयात गेली. बायको जंतुसंसर्गाने गेली तेव्हा लेक बालवाडीत होती. तेव्हापासून घरचा स्वयंपाकही त्यांनी धुलाईखान्याच्याच शिस्तीने चालवला. आता लेक दहावीत होती आणि महिनाभर नुसती झोपत होती. जीभ लालबुंद झालेली, चार पावलं चालली की धाप. आधी मामांनी तिला आळशी म्हणून झापलं. मग एका सकाळी वेणी घालता घालता तिचा हात मध्येच गळून खाली आला आणि मामांनी तडक तिच्या रक्ताची तपासणी करवली. आजारपणात तिच्या आईचा हातही असाच गळायचा.

"फोलेट फार कमी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ब गटातलं जीवनसत्त्व, रक्त तयार व्हायला लागतं. पालेभाजीत असतं, पण इतकं उकळलं की बरंचसं पाण्यात उतरतं. ते पाणी तुम्ही मोरीत ओतता."

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच पोरीला..."

"थांबा. एवढ्यानेच होत नाही. काहींच्या शरीराला हे जीवनसत्त्व वापरणं मुळातच जड जातं. ते आईवडिलांकडून येतं. हिच्या तपासणीत तसं दिसलंय. त्यात या बाईसाहेब सकाळी उपाशीच शाळेत पळतात. हो ना?"

लेकीने मान खाली घातली. "भूकच नसते."

"वाढीचं वय आहे, शरीर तर मागत असतं. सगळं एकदम जुळून आलंय. गोळ्या देते, भरून निघेल."

"खरंच निघेल?"

"निघेल, मामा."

मामा हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "बाई, उद्यापासून तुमच्या कोटाला अशी इस्त्री करतो, बघाच!"

बाहेर आल्यावर मात्र ते खचले. "भांडंही माझं, रक्तही माझं. कसला बाप मी!"

"नाकही तुमचंच दिलंत. त्याबद्दल कधी बोलले का मी?" लेक म्हणाली. "आणि रक्तातलं ते आईकडून आलेलं नसेल कशावरून?"

मामा रस्त्यातच थांबले. बायकोचं असं काही अजून घरात वावरत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग असू दे," ते हळूच म्हणाले. "सांभाळू आपण."

त्या संध्याकाळी त्यांनी भाजी नुसती वाफवली. जीव मुठीत धरून पहिला घास स्वतः खाल्ला, मगच लेकीला वाढली. सकाळी तिने खाल्ल्याशिवाय तिचं दप्तर ते हातात देईनात.

काही आठवड्यांनी, रविवारी दुपारी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू तणतणत उभ्या होत्या.

"मामा, घटकाभर झोपू द्याल का? तुमची लेक दोरीवरच्या उड्या मारतेय आणि आमचा पंखा हलतोय!"

"चुकलं हो, काकू. सांगतो तिला."

काकू बडबडत खाली गेल्या. मामांनी दार लावलं. आतल्या खोलीत दोरी फरशीवर सटासट आपटत होती. मामा दाराला पाठ टेकून उभे राहिले. सांगायला जायचं त्यांनी जरा लांबवलं.