खोकल्याची वही

आजारपणाची चिठ्ठी हातात पडल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडत नाही, असा मुकादम तुम्ही पाहिला आहे का? या गोष्टीतल्या मुकादमांच्या कपाळाला तर दोन पडत. लहान मुलांचे झोपायचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात तीस माणसं त्यांच्या हाताखाली होती, आणि तिसांनी मिळून त्यांचं नाव ‘दुर्बीण’ ठेवलं होतं. पाणी प्यायला कोण किती वेळा उठलं, हे त्यांना तोंडपाठ असे.

त्या सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर जी चिठ्ठी आली, ती कटिंगच्या खोलीतल्या ताईंची होती. मास्तरांनी मशीनने कापलेल्या बाह्या, कॉलर, पाठी जुळवून त्यांचे गठ्ठे बांधायचे, हे ताईंचं काम. नऊ वर्षं त्या ते बिनबोभाट करत होत्या. पण यंदा फ्लॅनेलच्या उबदार कापडाचा हंगाम सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत ही चौथी चिठ्ठी. ‘दमा आहे. धुळीपासून दूर ठेवावे,’ एवढंच डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं.

“मला रजा नको, मुकादमभाऊ,” ताई दारातूनच म्हणाल्या. “हंगाम संपेपर्यंत बटणांच्या टेबलावर बसवा, एवढंच.”

बटणांचं टेबल! खिडकीपाशी, बसून करायचं, हलकं काम! मुकादमांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आजार येतो तोही टेबल बघून येतो, असं त्यांना वाटलं. त्यांनी चिठ्ठी मालकांना दाखवली. मालकांनी मान वर न करताच सांगितलं, “पुढच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. खरंच आजारी असेल तर बघू. नाटक असेल तर दुसरी बाई घ्या.”

ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, शाळेत जाणारी मुलगी होती आणि कमावणाऱ्या त्या एकट्याच. मुकादमांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाटक ते नाटक, असं म्हणून त्यांनी खणातून काळ्या पुठ्ठ्याची कोरी वही काढली आणि कामाला लागले.

आठवडाभर त्यांनी ताईंवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. गठ्ठे मोजायच्या निमित्ताने ते कटिंगच्या खोलीत चकरा मारायचे आणि बाहेर येऊन वहीत टिपायचे. ‘सोमवार. साडेअकरापर्यंत एकदाही खोकली नाही. मशीन सुरू झाल्यावर खोकला. चारला दम्याचा पंप ओढला.’ ‘बुधवार. मशीन दुपारपर्यंत नादुरुस्त. खोकला नाही. दुरुस्त होताच सुरू.’ ‘शनिवार. जिना चढताना दोनदा थांबली. ओठ निळसर दिसले. (रंग लावला असेल?)’

म्हणजे बघा! काम नसलं की बाई ठणठणीत आणि गठ्ठ्यांचा ढीग पडायला लागला की धाप! मुकादमांना आणखी पुरावा तो काय हवा होता?

घरी मात्र त्यांच्यावरच पहारा बसला होता. शनिवारी संध्याकाळी बायकोने धुवायच्या कपड्यांतून त्यांचे दोन रुमाल काढून समोर धरले.

“अहो, हे काय आहे? मंगळवारचा रुमाल पिवळा, आजचा गुलाबी. कुणाची पावडर ही?”

“अगं, पावडर कसली? कारखान्यात रंगीत कापड असतं. लागला असेल रंग.”

“कापडाचा रंग नेमका नाक पुसतो तिथेच लागतो वाटतं?” बायको म्हणाली. “आणि रात्रभर खॉक खॉक चालतं, ते?”

“वय झालं आता,” असं म्हणून मुकादमांनी विषय टाळला. संशय घेणं त्यांना जमत असे. सोसणं जमत नसे.

रविवारी तर देवच पावला. भाजीच्या पिशव्या घेऊन ताई रेल्वेरुळांवरचा पूल चढताना दिसल्या. मुकादम दहा पावलं मागे राहून चढू लागले. चांगल्या चाळीसएक पायऱ्या. ताई मुलीशी बोलत, हसत, न थांबता वर गेल्या. धापा टाकत मागे राहिले ते मुकादमच! वर कठड्याला धरून त्यांनी वही उघडली आणि विजयी मुद्रेने लिहिलं, ‘रविवार. दोन पिशव्या. अख्खा पूल चढली. दम नाही, खोकला नाही. रंगेहाथ.’

सोमवारी सकाळीच ते डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात हजर झाले. खोट्या चिठ्ठ्या देणाऱ्या डॉक्टरलाही एकदा फैलावर घ्यावं, असा त्यांचा बेत होता. डॉक्टरबाई साठीच्या, चष्मा केसांत खोचलेल्या.

“माझ्या पेशंटबद्दल मी तुम्हाला अवाक्षरही सांगणार नाही,” त्यांनी आधीच बजावलं.

“तुम्ही नका सांगू. मी सांगतो!” मुकादमांनी वही टेबलावर आपटली. “वाचा. आठवड्याचा हिशेब आहे. सुट्टीच्या दिवशी पूल चढते आणि कामावर जिना चढवत नाही. हा कसला दमा?”

डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं. मुकादम त्यांचा चेहरा पडायची वाट बघत होते. पण चेहरा पडेना.

“हे तुम्ही कुणाला अडकवायला लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

“अडकवायला म्हणजे... खरं काय ते कळावं म्हणून.”

“मग खरं कळलंय की! अहो, माणूस कोण ते बाजूला ठेवा. कुणाही छातीच्या पेशंटकडून मी हेच मागते. कधी खोकला येतो, कधी थांबतो, तेव्हा आजूबाजूला काय चाललेलं असतं, ते लिहून आणा म्हणते. कुणी आणत नाही. तुम्ही वेळेसकट आणलंत! मशीन बंद, खोकला बंद. मशीन सुरू, खोकला सुरू. सुट्टीच्या दिवशी बरं, शनिवारी सगळ्यांत वाईट. लबाडी शोधत होतात ना? मग त्या खोलीतल्या हवेची झडती घ्या! दमा घरून आला असेल, पण त्याला चेव तुमच्याकडे चढतो. आणि ओठ निळे पडणं म्हणजे रंग नव्हे, मुकादमसाहेब. माणसाच्या तेव्हा जिवावर बेतलेलं असतं. त्याला तडक दवाखान्यात न्यायचं असतं.”

मुकादमांनी वही पुढे ओढून शनिवारची नोंद पुन्हा वाचली.

“त्या खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा आहे?”

“आहे,” मुकादम म्हणाले, आणि वही काखोटीला मारून उठले.

पंखा होता. गेल्या वर्षी हंगाम संपता संपता तो जोरात फिरला आणि कापडावर ठेवलेले कागदी नमुने उडाले. एका बाहीचा नमुना सरकला तो मास्तरांच्या लक्षात आला नाही, आणि साठ बाह्या आखूड कापल्या गेल्या. तेव्हा मुकादमांनी स्वतः शिडीवर चढून पंख्याच्या भोकात चिंध्या कोंबल्या आणि वरून पुठ्ठा ठोकला. मालकांनी पाठ थोपटली होती!

तरीही एका झटक्यात पटेल तो दुर्बीण कसला? बाई आणि डॉक्टरीण दोघी संगनमताने बोलत असतील, असं पुटपुटत ते कारखान्यात आले. पण मनाला चैन पडेना. त्यांनी वही कटिंगच्या खोलीतल्या फळीवर ठेवली आणि मशीनशेजारी उभे राहिले. आज गुलाबी फ्लॅनेलचा थर कापायला घेतला होता. ताई नाकाला पदर लावून गठ्ठे बांधत होत्या. खांदे वर ओढून एकेक श्वास घेत होत्या. इतक्या दिवसांत मुकादमांनी त्यांचा खोकला मोजला होता, श्वास आजच पाहिला.

तीन वाजता त्यांनी वही उचलली. काळा पुठ्ठा गुलाबी झाला होता! बोट फिरवलं तर मऊ लव बोटाला चिकटली. तेवढ्यात त्यांनाच जोराची ढास लागली. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून नाकातोंडाला लावला, आणि उघडून पाहिला.

गुलाबी!

अरे देवा! मंगळवारी पिवळा थर कापला, मंगळवारचा रुमाल पिवळा. शनिवारी गुलाबी, रुमाल गुलाबी. जे आपल्या नाकात जातं, तेच ताईंच्या छातीत दिवसाचे आठ तास जातंय! आणि त्याचं बाहेर जायचं दार आपण बंद केलंय, स्वतःच्या हातांनी! मुकादमांना स्वतःची लाज वाटली, आणि ताईंच्या निळ्या ओठांच्या आठवणीने भीतीही वाटली.

“मास्तर, मशीन बंद करा! ताई, तुम्ही आधी बाहेर मोकळ्यावर जाऊन बसा. शिडी आणा!”

“अहो, पण नमुने उडतील!” मास्तर ओरडले.

“उडू देत!”

पुठ्ठा निघाला, चिंध्या निघाल्या, वर्षाची धूळ मुकादमांच्या डोक्यावर आली. पंखा घरघरत सुरू झाला आणि नमुने खरोखरच खोलीभर उडाले. मास्तर ते गोळा करत चरफडत होते. तेव्हा मुकादमांना माळ्यावरच्या जुन्या, निकामी, जड इस्त्र्या आठवल्या. सहा निघाल्या. प्रत्येक नमुन्यावर एक ठेवली, आणि एकही कागद जागचा हलला नाही. सहा मोडक्या इस्त्र्यांचं काम वर्षभर एका बाईच्या फुप्फुसांनी केलं होतं!

संध्याकाळी मालकांच्या टेबलावर कागद गेला. ‘आजार खरा आहे. वाढवला मी. पंखा मी बुजवला होता. ताईंना हंगामभर बटणांचं टेबल द्यावं. कटिंगच्या खोलीत सर्वांना मास्क द्यावेत आणि सर्वांच्या छात्या तपासाव्यात, माझ्यासकट.’ मालकांनी तो दोनदा वाचला, मुकादमांच्या धुळकट डोक्याकडे पाहिलं आणि सही केली.

ताई अंगणात पायरीवर बसल्या होत्या. मुकादम जवळ गेले तशा त्या सावरून बसल्या. “आता काय लिहिलंत?” त्यांनी संशयाने विचारलं.

मुकादमांनी वहीच त्यांच्या हातात दिली. ताईंनी पानं उलटली. पुलाच्या पानावर त्या थांबल्या.

“माझ्या मागे होतात त्या दिवशी?”

“होतो. चुकलं माझं, ताई.”

“आठवडाभर माझ्या मागे फिरलात, भाऊ. डॉक्टरांनाही विचारून आलात,” ताई हळू म्हणाल्या. “एकदा मला विचारलं असतंत, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पंखा बुजवल्यावरचा हा पहिलाच हंगाम, म्हणून होतंय हे.”

मुकादमांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या हातातल्या वहीवर ठेवलं.

ताईंचा दमा काही बरा झाला नाही. पंप आजही पर्समध्ये असतो. पण त्या हंगामात पाचवी चिठ्ठी आली नाही. वाचकहो, तुमच्याही कचेरीत, दुकानात, कारखान्यात कुणीतरी असं खोकत असेल. त्याच्यावर संशय घेण्याआधी तो जी हवा घेतो तिच्यावर घ्या. आणि काही विचारायचं असेल, तर आधी त्यालाच विचारा!

ती काळी वही आता कटिंगच्या खोलीत पंख्याखाली टांगलेली असते. लिहितात ताई. हंगाम संपून त्या खोलीत परतल्या, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मंगळवार. पंखा चालू. मी खोकले नाही. मुकादम सात वेळा खोकले. तपासणीची तारीख दोनदा सांगितली, अजून गेलेले नाहीत. लक्ष ठेवून आहे.’