मायलेकाची बोली

माझी जीभ लांब आहे असं अख्खं कटंगी गाव म्हणतं, आणि ते खोटं नाही. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा याच जिभेच्या जोरावर मी त्याचं घर सोडलं आणि भावाच्या ओसरीत शिलाई मशीन मांडली. चाळिशी ओलांडल्यावर तीच जीभ पुन्हा पहिलीत बसवावी लागेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माझी वहिनी संध्या आजारी पडली. बालाघाटहून नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी घेऊन जा म्हणाले. मरणाची तिला भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, पण तिचा जीव अडकला होता अंकितमध्ये. अंकित तिचा एकुलता एक मुलगा, विशीचा, बापाहून उंच. त्याला मराठी बोलता येत नाही, हिंदी येत नाही. त्याला एकच भाषा येते आणि ती त्याच्याशी बोलणारी जगात एकटी त्याची आई होती.

ही भाषा संध्यानं रचलेली. लहानपणी त्याच्या तोंडून मोजकेच आवाज निघायचे. ब, म, ग, आणि बैल हाकताना टाळूला जीभ लावून करतात तो टच्. लोक म्हणाले, पोरगं मुकं आहे. संध्या म्हणाली, आवाज निघतात ना, मग झालं. बगा म्हणजे जेवण. मूम म्हणजे आई. टच् म्हणजे जाणं, दोनदा टच् म्हणजे येणं. शब्द सूर चढवून म्हटला की ते काम व्हायचं आहे, सूर उतरवून म्हटला की झालं. नको म्हणायचं तर तोच शब्द नाकातून. आधी वस्तू, मग काम, आणि माणूस सगळ्यात शेवटी. मला त्या भाषेत गागा म्हणतात. भांडणाऱ्या बदकाचा आवाज कसा येतो ते आठवा, म्हणजे नाव का पडलं ते कळेल.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट होती हुंकार. संध्याच्या माहेरी, रामपायलीला, कहाणी सांगताना समोरच्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, मग राजा जंगलात उभा असो की राणी विहिरीत पडलेली असो. संध्यानं तीच रीत उचलली. अंकित दोन शब्द बोलला की ऐकणाऱ्यानं ‘उं’ म्हणायचं, आणि ती बोलली की त्यानं. उं आला नाही तर समोरच्यानं पाठ फिरवली, तो रागावला, असं अंकित समजतो.

“रीनाताई, माह्यामागं त्याचं बोलणं बंद नोको होऊ देजो,” खाटेवर पडल्यापडल्या संध्या म्हणाली. “बाकी मले काही नाही मागायचं.”

मग मी शिकले. ब्लाउजाला काज करता करता शब्द घोकले. एकदा अंकितला ‘शर्ट घाल’ म्हणायला गेले आणि ‘शर्ट, जेव’ म्हणून बसले. तो इतका हसला की भिंतीला टेकून खाली बसला, आणि खाटेवरची संध्याही पोट धरून हसली. तिला हसताना दुखायचं, तरी हसली. बाई फार गोड होती हो. तिच्यासारखी वहिनी मला मिळाली आणि टिकली नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

माझा भाऊ नागसेन वारासिवनीच्या राइस मिलमध्ये आहे. सकाळच्या बसनं जायचा, दिवे लागल्यावर यायचा. त्याला ही भाषा कधी आली नाही. “आपल्या डोक्यात नाही शिरत हे,” म्हणायचा आणि अंकितच्या डोक्यावरून हात फिरवून मोकळा व्हायचा. पण संध्याचं खरं नाही हे कळल्यावर त्याच्या मनानं एक घेतलं. तिचा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवायचा.

त्यानं पंखा बंद केला, माझी मशीन थांबवली, अंकितला शेजारच्या लीलाबाईंकडे बसवलं. संध्या रोजची वाक्यं बोलायला लागली आणि दोन शब्दांवर अडली.

“कोनी हुंकार द्या ना. मले बोलता येऊन नाही राह्यलं.”

“मधात कोनी आवाज नोको करा,” नागसेन म्हणाला. “साफ आला पाहिजे. फक्त तुहाच आवाज.”

ती बिचारी थांबत थांबत, रिकाम्या जागा सोडत बोलली. आवाज अगदी साफ आला.

संध्या गेली. बुद्धवंदना झाली, पाहुणे आले, पाहुणे गेले. अंकित दारात बसून असायचा, पण माझ्याशी बोलायचा. माझे शब्द चुकले की दुरुस्त करायचा. थोडं जेवायचा. मला वाटलं, जमेल.

मग एका संध्याकाळी नागसेननं पोराला बरं वाटावं म्हणून मोबाइल लावला. आईचा आवाज ऐकताच अंकित उठून उभा राहिला. असा आनंद मी कुठल्या माणसाच्या तोंडावर पाहिला नाही. त्यानं उं म्हटलं आणि भडाभडा बोलायला लागला. आई, कुठं होतीस, गागाला बोलता येत नाही, भात कच्चा करते. बोलून तो हुंकारासाठी थांबला. मोबाइलमधली संध्या हुंकार कुठून देणार? ती पुढचं वाक्य बोलली. अंकितनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग हात जोडून सांगितलं. मी मधे पडून उं उं करत राहिले, पण त्याला माझा हुंकार नको होता.

त्या दिवसापासून तो गप्प झाला. माझ्याशीही नाही. ताट पुढं ठेवलं की तोंड फिरवायचा. अंग वाळलं, गालाची हाडं वर आली. आई आपल्यावर रागावली, एवढंच त्यानं धरलं होतं.

रविवारी दुपारी मी नागसेनवर तुटून पडले. “मिटव ते सारं! पोरगं चाललं आपलं हातातून. काहून ठेवतं?”

“मिटवू?” तो म्हणाला. “मंग माह्यापाशी काय राहते तिचं?”

तो अंगणात निंबाखाली जाऊन बसला. म्हणाला, एक बार ऐकतो, मंग मिटवतो.

संध्याचा आवाज सुरू झाला. दोन शब्द झाले, रिकामी जागा आली, आणि माझा भाऊ म्हणाला, “हौ.” पुन्हा दोन शब्द. “हौ.” एक अक्षर कळत नव्हतं त्याला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो सोडलेल्या प्रत्येक जागेत हौ भरत होता. संसारभर त्यानं तिचं इतकं लक्ष देऊन ऐकलं नसेल.

अंकित दारातून उठला. हळूहळू आला, बापाशेजारी मांडीला मांडी लावून बसला आणि त्याच्या तोंडाकडं बघत बोलला.

“रीना,” नागसेननं मला हाक मारली, “काय म्हनते तो?”

मी म्हटलं, “तो तुले समजावून सांगून राह्यला, दादा. आई काय म्हनते ते. आई म्हनते, जेव. तुहं जेवन झालं की मी येते.”

शेतात धानाच्या रोवण्याला जाताना संध्या रोज त्याला हेच सांगून जायची. आणि रोज यायचीही.

“वाढ,” नागसेन म्हणाला.

मी दोन ताटं वाढली. बापलेक एकमेकांसमोर बसून जेवले. कितीतरी दिवसांनी अंकितनं भात मागून घेतला. मला रडूही येत होतं आणि बरंही वाटत होतं. त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं, बापाचं ताट रिकामं झालंय ना ते वाकून पाहिलं, आणि दोघांची ताटं उचलून मोरीत ठेवून आला.

मग फाटकाकडं तोंड करून बसला, आणि नागसेनही त्याच्याशेजारी तसाच बसला.