वाकडी पट्टी

"इथून बघ. डोकं जरा खाली घे," पेंटर म्हणाला. हातातलं फडकं खांद्यावर टाकून त्याने बायकोला मोटरसायकलच्या टाकीसमोर जवळजवळ वाकवलंच. "दिसलं?"

"लाल टाकी आहे. तिच्यावर रुपेरी पट्टी आहे. छान आहे की," बायको म्हणाली.

"छान काय? वाकडी आहे! डावीकडची सरळ गेलीय आणि उजवीकडची मागे जाता जाता वर चढलीय. आणि टोकाला बघ, हवेचा फुगा तसाच राहिलाय."

बायकोला फुगा काही दिसला नाही. कालच दारात आलेली कोरी करकरीत गाडी, तिच्यात खोट काढायची तिची इच्छाही नव्हती. "गाडीवर बसायचं असतं हो, तिला सून करून आणायची नसते," असं म्हणून ती गॅस बंद करायला आत गेली.

पेंटरला मात्र आता त्या पट्टीपलीकडे काही दिसेना. उभा जन्म त्याने दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला होता. एके काळी मोटरसायकलींच्या टाक्यांवर तो हाताने पट्ट्या ओढायचा. श्वास रोखून, एका दमात, फूटपट्टी न लावता. त्यासाठी लांबलांबून लोक यायचे. मग छापील पाट्या आल्या, चिकटवायच्या पट्ट्या आल्या आणि ज्या हाताची लोक तारीफ करायचे त्याच हाताला फाटकं आणि पाण्याच्या टाक्या रंगवायची कामं मिळू लागली. मशीनचं काम बिनचूक असतं, आपण काय टिकणार, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. आणि हे असलं बिनचूक!

"परत नेतो," तो दारातूनच ओरडला. "नाक मुठीत धरून बदलून देतील!"

शोरूममधला माणूस गोडबोल्या निघाला. त्याने भांडायला जागाच ठेवली नाही. गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून त्याने पट्टी पाहिली आणि म्हणाला, "काका, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. टाकी बदलून देऊ. गाडीचा नंबर कंपनीला कळवतो, त्यावरून त्यांना बरोबर सापडतं."

"काय सापडतं?"

"कुणाच्या हातून झालं ते. मग चांगलं झाडतात त्याला. नवखं कुणी असलं तर सरळ घरी."

पेंटरने चटकन पट्टीवर हात ठेवला. त्याची एकुलती एक लेक त्याच कंपनीच्या कारखान्यात कामाला होती. गाडी ह्याच कंपनीची का, असं कुणी विचारलं की तो ॲव्हरेजचं कारण सांगायचा. खरं कारण त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे तिने कधी दाखवलं नव्हतं.

लेकीचा हात बापासारखाच होता. शाळेतून आली की ती दुकानात त्याच्या शेजारी बसून अक्षरांमध्ये रंग भरायची. पट्टी ओढताना मात्र शेवटी तिचा हात वर जायचा. "घाई नको, टोकापर्यंत जीव लाव," असं तो तिला शंभरदा सांगायचा. पुढे दुकान तिनेच चालवायचं, हे त्याने मनोमन ठरवून टाकलं होतं. आणि एक दिवस ती म्हणाली, "बाबा, रंगवलेल्या पाट्या आता कोण घेतं? मला कारखान्यात नोकरी लागलीय." बोलली ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. "जा," तो म्हणाला, "पण मग माझ्याशी बोलायचं नाही." ती गेली, आणि बापाचा शब्द तिने तंतोतंत पाळला. हा हट्टीपणा तिने कुणाकडून घेतला, ते वेगळं सांगायला नको.

दर रविवारी तिचा आईला फोन यायचा. तेवढा वेळ पेंटर दाराशी ब्रश धूत बसायचा, धुतलेलेच पुन्हा धुवायचा आणि कान घराकडे लावायचा. ती तिथे नेमकं काय काम करते, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. एकदा त्याने बायकोकडे आडून आडून चौकशी केली, तर ती म्हणाली, "तोंड आहे ना तुम्हाला? मग तुम्हीच विचारा."

"राहू द्या," पेंटर शोरूमवाल्याला म्हणाला.

"काय राहू द्या?"

"तक्रार. पट्टी सरळच आहे. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

शोरूमवाल्याने पुन्हा एक डोळा मिटला. "नाही हो काका, चांगलीच वाकडी आहे."

"सरळ आहे म्हणतो ना!" पेंटर खेकसला आणि गाडी चालू करून निघाला.

घरी आल्या आल्या त्याने बायकोला हुकूम सोडला, "फोन लाव. तुझ्या लेकीला. मला तक्रार करायचीय." बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओले हात पदराला पुसून तिने फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"आई? आज मधेच कसा गं फोन?"

"मी बोलतोय."

पलीकडे कँटीनचा गलका चालू होता. मग हळूच आवाज आला, "बाबा?"

एवढ्या दिवसांत त्याने मनात काय काय जुळवून ठेवलं होतं! त्यातलं एक अक्षर आठवेना. "तुमच्या कंपनीत पट्ट्या डोळे मिटून चिकटवतात का?" तो म्हणाला.

"कुठल्या पट्ट्या?"

"टाकीवरच्या. गाडी घेतलीय मी. उजवी पट्टी वर चढलीय."

"आमची गाडी घेतलीत?"

"ॲव्हरेज चांगलं आहे," पेंटर म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तूच चिकटवलीस ना? शेवटी हात वर जातो तुझा. घाबरू नकोस, मी कुणाला काही सांगितलं नाही."

लेक हसली की रडली, ते त्याला नीट कळलं नाही. "बाबा, पट्ट्या माझ्याकडे नसतात. मी पुढच्या चाकाचा नट आवळते. आवळला की त्याच्यावर रंगाची खूण करायची, म्हणजे पुढच्याला कळतं."

"मग ही गाडी तुझ्याच हातून आली असेल."

"तसं सांगता येत नाही. दोन लाइनी आहेत. आमची खूण पिवळी, पलीकडच्यांची पांढरी." मग उतावीळपणे, "बघा ना बाबा, कुठली आहे?"

तो फोन कानाला धरून अंगणात गेला. गाडीपुढे उकिडवा बसला. नटावर घाईघाईत ओढलेला एक फराटा होता. पांढरा. त्याने बोटाने पुसून पाहिला, मान वाकडी करून पाहिला, तरी पांढराच. रंगाच्या बाबतीत पेंटरला कोण फसवणार?

"दिसली का? बाबा? कुठली आहे?"

त्या आवाजाने त्याच्या काळजात कळ उठली. इतके दिवस त्याला वाटायचं, वाट आपण एकटेच बघतोय.

"पिवळी आहे," पेंटर म्हणाला.

"खरंच?"

"पिवळीधमक."

"म्हणजे माझीच ती," लेक म्हणाली. "सुट्टी मिळाली की बघायला येते. येऊ ना?"

"गाडी काय पळून चाललीय का?" तो म्हणाला. फोन ठेवायच्या आत कसाबसा एक शब्द बाहेर पडला. "ये."

बायको केव्हाची मागे येऊन उभी होती. तिने वाकून नट पाहिला. "अहो, ही तर पांढरी आहे."

"डोळे आहेत मला," पेंटर म्हणाला आणि घरात गेला. येताना पिवळ्या रंगाचा डबा आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन आला. पांढरी खूण त्याने फडक्यावर थिनर घेऊन पुसली आणि तिच्या जागी घाईत ओढल्यासारखा पिवळा फराटा मारायला ब्रश टेकवला. पण हाताला घाई कुठली जमायला! खूण उमटली ती नीटनेटकी, दोन्ही कडा सरळ, टोकापर्यंत जीव लावून ओढलेली.

"एका नजरेत ओळखेल ती, कुणाचा हात आहे ते," बायको म्हणाली.

"ओळखू दे की," पेंटर म्हणाला. "ओळखायला तरी इथवर यावं लागेल ना?"

आणि ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून तो नटाभोवती हाताचा आडोसा धरून तसाच बसून राहिला.