आईच्या खोलीचा दरवाजा

साधनाने महिनाभर दरवाजांचा ध्यासच घेतला होता. आखातातल्या, अल मजाजच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमधले आतले दरवाजे खालून फुगले होते आणि घरमालकाने "हवे तर तुम्हीच बदला" म्हणून हात वर केले होते. मग काय, बाई पेटल्याच! दरवाजा आतून पोकळ की भरीव, बिजागऱ्या किती, उघडणार कुठल्या बाजूला, विचारून विचारून तिने सुताराचं डोकं खाल्लं. बाकीच्या खोल्यांचं तिला काही पडलं नव्हतं. जीव अडकला होता मागच्या खोलीत. तिथे तिची आई गावाहून कायमची राहायला येणार होती. संधिवाताने आईची बोटं वाकलेली, गोल मूठ तिला फिरवता येईना, म्हणून खाली दाबायचं हँडल सांगितलं. आतून कडी नको, न जाणो आत पडलीबिडली तर! आणि दरवाजा हलका, एका हाताने लोटता येईल असा.

नवरा, सुजीत, प्रत्येक गोष्टीला "हो गं, तुझ्या मनासारखं कर" म्हणत होता. ही भोळी सांब, मनातल्या मनात त्याचं कौतुक करत होती.

शनिवारी रामचंद्र सुतार दरवाजे घेऊन आला. मागच्या खोलीचा दरवाजा आणायला त्याला दुसरा माणूस लागला. चांगला भरीव, जड. त्याला किल्लीचं कुलूप, आतून कडी आणि वर बाहेर बघायचं भिंग.

"अहो, हा मेन डोअर आहे. दुसऱ्या कुणाचा उचलून आणलात की काय?"

"नाही वहिनी. साहेबांनीच फोन करून बदलला. भाडेकरूला असाच लागतो म्हणाले."

"कुठला भाडेकरू?"

रामचंद्र सुजीतकडे बघायला लागला आणि सुजीत मोबाइलकडे.

"ऑफिसमधला निनाद येतोय एक तारखेपासून. मी सांगणारच होतो तुला."

"आणि आई?"

"त्यांच्याशी बोललोय मी. त्या ओके आहेत. आता सीन नको, साधना. यल्ला, चल लवकर, त्याला काम करू दे."

ओके आहेत म्हणे! साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथेच उभं राहून आईला फोन लावला.

"आई, तू येत नाहीयेस?"

"अगं, तुला झेपणार नाही हे मलाच कळायला हवं होतं. नोकरी, पोरीची शाळा... सुजीतरावांनी सांगितलं सगळं. माझं करायच्या धास्तीने तू रडत होतीस म्हणे. मी कालच इथल्या वृद्धाश्रमात नाव घातलं. बायका बऱ्या आहेत."

"खोटं आहे ते! आई, मी असं कध्धी बोलले नाही!"

सुजीत उठून बाल्कनीत गेला. निदान तिथून तरी "हो, मीच खोटं बोललो" म्हणेल, असं तिला क्षणभर वाटलं. त्याने काचेचं दार ओढून घेतलं.

"असू दे गं, आता कशाला सारवासारव?" आई मायेनेच म्हणाली. "राग नाही माझा. फक्त तू स्वतः सांगायचं होतंस. जावयाच्या तोंडून ऐकताना फार लाज वाटली बघ."