सात नंबरचा डोस

आमचे हे चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या खिडकीमागे सात मोठ्या बरण्या असायच्या. एक नंबर तापाचा, दोन नंबर खोकल्याचा, असं करत करत सहा नंबर पोटाच्या तक्रारींचा. सात नंबरच्या बरणीत मात्र पाणी, साखर, गुलाबी रंग आणि कडवटपणासाठी संत्र्याच्या सालीचा थोडा अर्क, एवढंच. तपासून काही सापडत नाही, पण दुखतंय दुखतंय म्हणून ज्याचा जीव खाली-वर होतोय, अशा माणसाच्या चिठ्ठीवर म्हातारे डॉक्टर नुसता सातचा आकडा काढायचे. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती: डॉक्टरांना, यांना आणि मला. खरं तर मलाही सांगायची नव्हती, पण यांच्या पोटात काही राहत नाही.

आमच्या घरात पुढे ती म्हणच झाली. नळ दुरुस्त करणारा "उद्या नक्की येतो" म्हणाला की फोन ठेवता ठेवता हे म्हणत, सात नंबर दिला. जावयाने माझ्या स्वयंपाकाचं फार कौतुक केलं की मी म्हणे, पुरे झाला सात नंबर.

त्या औषधाने बऱ्या होणाऱ्या लोकांना हे मनापासून हसायचे. भोळे असतात गं लोक, म्हणायचे. मला ते हसणं कधीच आवडलं नाही, हेही सांगून टाकते.

निवृत्तीनंतर यांच्या कंबरेने उचल खाल्ली. मणक्यांची झीज आहे, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही, चाला, व्यायाम करा, असं नव्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या आमच्या मुलीच्या वयाच्या, म्हणून यांनी त्यांचं निम्मंच ऐकलं. स्वतः कंपाउंडर ना! दुकानातून वेदनेच्या लाल गोळ्या आणायचे आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. अशी दोन वर्षं गेली. मग एका तपासणीत किडनीचा आकडा वर गेलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. लाल गोळ्या आजपासून बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. आकडा असाच चढत राहिला, तर पुढे मशीनवर रक्त शुद्ध करायची वेळ येईल.

यांनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी दाढीच्या डब्यात मला लाल गोळ्यांचं पाकीट सापडलं. मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले, एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हातात हे.

त्या रागावल्या नाहीत. कपाटातून एक डबी काढून म्हणाल्या, या कोऱ्या गोळ्या आहेत, यांत औषध काही नाही. लपवून देत नाही, सांगून देतेय. कंबरदुखीच्या लोकांना अशा सांगूनसवरून कोऱ्या गोळ्या देऊन पाहिल्यात, तरी बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालं. झिजलेला मणका त्याने भरून येत नाही आणि किडनीही सुधारत नाही. पण दुखणं म्हणजे नुसता मणका नव्हे. ते किती जाणवू द्यायचं हे मेंदू ठरवतो. वेळेवर, काळजीने दिलेलं औषध पोटात गेलं की आराम पडतो, ही त्याची जन्मभराची सवय, आणि त्या सवयीने तो शरीरातलीच वेदना शमवणारी द्रव्यं सोडतो.

हे लालबुंद झाले. "मला सात नंबर? मला?" एवढंच बोलले आणि ताडकन उठून चालू लागले. इतक्या चपळाईने उठताना मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

डबी टेबलावरच राहिली. घरी येऊन मी विचार केला, या माणसाला परक्याचा सात नंबर चालायचा नाही, घरचाच लागेल. संत्र्याची साल उकळली, साखर घातली, रंगासाठी बीटाचा तुकडा टाकला आणि सगळं काचेच्या बाटलीत भरलं. मग डोसांची पट्टी. पूर्वी कंपाउंडर कागदाची पट्टी घडी घालून कापत. उलगडली की तिच्या कडांना खाचा पडलेल्या असत. ती बाटलीला चिकटवायची, आणि एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. मी जन्मभर शाळेत शिवण शिकवलंय, मला पट्टी कापायला काय होतंय! बाटली यांच्यासमोर ठेवून खरं तेच सांगितलं: हा सात नंबर आहे, मी केलाय, दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यायचा.

यांनी बाटली उजेडाकडे धरली. आता मोरीत ओतणार, असंच मला वाटलं. पण आधी हे म्हणाले, खाचा सारख्या नाहीत. मग म्हणाले, बीट खाली बसतंय, गाळायला हवं होतं. मग एक थेंब जिभेवर घेऊन तोंड वाकडं केलं. एवढं गोड पाणी औषध म्हणून कोण घेईल? सात नंबर कडूच हवा, घेताना अंगावर शहारा यायला हवा. तोही जेवणानंतर नव्हे, जेवणाआधी, घड्याळ लावून. आणि पेशंटला समोर बसवून विचारायचं, कालच्यापेक्षा किती फरक आहे. त्याचं सांगून पुरं होईपर्यंत बाटली हातात द्यायची नाही.

"एवढा सोहळा कशाला? नुसतं पाणीच होतं ना?" मी विचारलं.

"नुसतं पाणी दिलं तर गुण येत नसे," हे म्हणाले.

स्वतःच्या तोंडचं वाक्य त्यांनी स्वतःच ऐकलं होतं. मग उठले, ओट्यापाशी जाऊन सालीचा अर्क वाढवला, गाळला, आणि नवी पट्टी कापली. सगळ्या खाचा अगदी सारख्या. जेवणाआधी मी पेला भरला आणि विचारलं, दहापैकी किती दुखतंय? आठ, म्हणाले, आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून पिऊन टाकला.

आठवडाभर आठच. मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या आठवड्यात साडेसात, त्या अर्ध्यासाठीही घासाघीस. मग सात, मग सहा. हे कोपऱ्यापर्यंत चालू लागले, व्यायामही करू लागले. एकदा घाईत मी न विचारताच पेला टेकवला, तर तो तसाच हातात धरून बसले. "विचार की," म्हणाले. त्याच दिवशी कोटाच्या खिशातून लाल गोळ्यांचं आणखी एक पाकीट काढून त्यांनी आपणहून माझ्या हातात दिलं. ते आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. आकडा पुरता खाली नव्हता आला, पण उतरणीला लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनी सुधारली ती लाल गोळ्या सुटल्या म्हणून, आणि त्या सुटल्या तुमच्या सात नंबरमुळे. मला तिथेच रडू आलं. यांनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं तिकडे पाहिलं.

घरी आल्यावर हे चपला काढता काढता म्हणाले, एक सांगायचं राहिलंय. मुलगी झाली तेव्हा माझं डोकं फार दुखायचं आणि तीन महिने हे मला औषध आणून पाजत होते. त्या चिठ्ठीवर सात लिहिलेलं होतं, हे त्यांनी आता कबूल केलं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

यांनी विचारलं, कसं काय?

"सात नंबर गुलाबी असतो हे मला तुम्हीच सांगितलं होतं. लपवायचंच होतं तर रंग तरी बदलायचा."

"मग डोकं कसं थांबलं?"

"तुमच्या त्या भोळ्या लोकांचं थांबायचं तसंच. पंधरा दिवसांत."

हे मनाशी काही मोजत उभे राहिले. "मग पुढचे अडीच महिने कशाला घेत होतीस?"

"ते पाजायला तुम्ही भर दुपारी दवाखान्यातून घरी यायचात," मी म्हणाले. "बरं वाटतंय असं सांगितलं असतं, तर आला असतात का?"