आदल्या दिवशीची यादी

कारखान्यातल्या टर्नरने लेथवर उभी हयात शतांश मिलिमीटर सांभाळण्यात घालवली होती. त्यामुळे आयकराचा फॉर्मही त्याने चष्मा पुसून, ओळीखाली पट्टी धरून भरायला घेतला. पत्नीच्या आजारपणासाठी काढलेल्या कर्जातली उरलेली रक्कम बँकेने माफ केली होती. आता त्याच रकमेवर कराची नोटीस आली होती.

"माफी म्हणजे कमाई कशी गं?"

"मामा, द्यायचे पैसे वाचले, म्हणजे मिळालेच की! बँकेनं सोडलं, सरकारनं नाही." भाची कर सल्लागार होती.

"मग आजवर मला कुणी चोपलं नाही, तेही मिळकतीत धर."

ती हसली. "सुटका आहे. माफीच्या आदल्या दिवशी, तेरा तारखेला, मालमत्तेपेक्षा देणी जितकी जास्त, तेवढ्या माफीवर कर नाही. त्या दिवशी घरात जे जे होतं, ते लिहा."

तेरा तारखेला पत्नी होती. वीसला ती गेली, आणि मग एकेक वस्तू विकली गेली.

त्याने लिहिले: भिंतीवरचे घड्याळ. भर दुपारी, नुसता खिळा उरलेल्या भिंतीतून टिकटिक येऊ लागली. भाची बेरजेत गढलेली होती.

त्याने पुढे लिहिले: शिलाई मशीन. आतल्या रिकाम्या खोलीत काहीतरी घरघरले.

"मशीन नको, मामा. महागाचं होतं, मालमत्ता वाढली की सूट घटते. तेवढ्यावरच्या करात तीन महिन्यांची पेन्शन जाईल. विकलेली वस्तू कोण बघायला येतंय?"

त्याने ओळीवर काट मारली. आतला आवाज टाक्याच्या मध्यावरच तुटला. खालच्या ओळीत त्याने तेच शब्द पुन्हा, ठळक अक्षरांत लिहिले. घरघर सुरू झाली.

आता भाचीचे बोट कॅल्क्युलेटरवर थबकले. "मामा... आत कोण आहे?"

"अहो," आतून हाक आली, "दोरा तुटला. जरा सुई ओवून देता का?"

टर्नरने मशीनची पुरेपूर किंमत मांडली आणि सही केली.

"भरीन कर," तो म्हणाला, आणि चष्मा सारखा करत आत गेला.

मशीन पुन्हा चालू लागले. दोघांचे हलक्या आवाजातले बोलणे ऐकू येत राहिले. तेरा तारखेला आपण या घरात आलोच नव्हतो, या यादीत आपण नाही, हे भाचीला आठवले. सहीची शाई वाळण्याआधीच तिने फॉर्मची घडी घातली, आणि पाय न वाजवता ती बाहेर पडली.